आमच्यानंतर मर्यादित

बावीस वर्षं मी सरकारी पगारावर लोकांना नावं ठेवली. गंमत नाही, कामच ते होतं. कंपन्यांची नोंदणी करणाऱ्या कचेरीत तळमजल्यावर चार नंबरची खिडकी, वर पाटी ‘नावांची तपासणी’, आणि खिडकीमागे मी. कुणाला कंपनी काढायची असली की तिचं नाव आधी माझ्याकडे यायचं. मी ते जाडजूड वह्यांत शोधायचे, पुढे संगणकावर, आणि बहुतेक वेळा नाही म्हणायचे. लोक मला तोंडावर बाई म्हणायचे आणि पाठीमागे नकारबाई. मला माहीत होतं. नियम काही मी केलेले नव्हते, त्यामुळे मला त्याचं सोयरसुतक नव्हतं.

नियम तसे साधे. दुसऱ्याचं नाव घ्यायचं नाही. मधे ‘आणि’ घुसवलं, टिंब दिलं, एकाचं अनेक केलं, तरी ते तेच नाव. ‘शाही’, ‘राष्ट्रीय’, ‘विद्यापीठ’ असले भारदस्त शब्द हवे असतील तर त्या त्या खात्याचं पत्र आणा. आणि शेवटी ‘मर्यादित’ लावा, म्हणजे चारचौघांना कळतं की ही कंपनी बुडाली तर सभासदांकडून ठरल्यापेक्षा जास्त काही हाती लागणार नाही. एवढं सगळं ऐकून घेऊन लोक पुन्हा विचारायचे, मग हे नाव नक्की मिळेल ना? त्यावर माझं वाक्य ठरलेलं होतं. “या खिडकीवर कसलीही हमी मिळत नाही.”

हे वाक्य मी आयुष्यात एकदाच मोडलं, घड्याळमामांसाठी. मोडलं ते मोडलं, वर त्यांनाच तोंडघशी पाडलं. ती गोष्ट सांगते.

घड्याळमामा म्हणजे आमच्या कचेरीसमोरच्या इमारतीत जिन्याखाली बसणारे घड्याळदुरुस्तीवाले. दुकान कसलं, एक टेबल, एक दिवा, आणि ताठ उभं राहिलं तर डोकं आपटेल असं छप्पर. अख्खा रस्ता त्यांना मामा म्हणायचा. आमच्या कचेरीतलं घड्याळ थांबलं की शिपाई त्यांनाच बोलवून आणायचा, आणि ते स्टुलावर चढून म्हणायचे, “घड्याळ ठीक आहे हो, इथली माणसंच सावकाश चालतात.” स्वतःच्या मनगटावर मात्र घड्याळ नव्हतं. विचारलं तर म्हणायचे, “दिवसभर दुसऱ्यांची वेळ बघतो, आपली कशाला बघू?”

बायको फार पूर्वी गेली. घरात एक मुलगी, चिमणी. नावावर जाऊ नका. चिमणी चौतीस वर्षांची, मामांपेक्षा वीतभर उंच. जन्मताना डोक्याला काहीतरी कमी पडलं ते पडलंच. बोलायची, हसायची, स्वतःची वेणी घालायची, बारापर्यंत बिनचूक मोजायची. बाराच्या पुढे सगळं ‘खूप’. पण घरी एकटी ठेवायची सोय नाही. एकदा दार उघडं टाकून बाहेर पडली ती संध्याकाळी सापडली, तेही एका बस आगारात. तेव्हापासून मामांनी तिचा हात सोडला नाही.

दिवसा चिमणी जायची ती एका जुन्या छापखान्याच्या मागच्या हॉलमध्ये. अशाच सात घरच्या सात मुलांसाठी आईबापांनी मिळून तिथे काम सुरू केलं होतं. मुलं म्हणायचं आपलं, त्यातला थोरला सत्तेचाळीसचा. काम काय, तर पुठ्ठ्याच्या कार्डावर बटणं टाचायची. एका कार्डावर बारा. चिमणी त्यात वाघीण होती. शिवणसामानाचा एक व्यापारी ती कार्डं नेमाने न्यायचा. अकरा वर्षं हे बिनबोभाट चाललं होतं.

मग इमारत दुसऱ्या मालकाकडे गेली. नवा मालक म्हणजे मोठी संस्था, तिचं ऑफिस, ऑफिसात व्यवस्थापक. त्याचं पत्र आलं: हॉल दहा वर्षांसाठी द्यायला हरकत नाही, पण नोंदणी झालेल्या कंपनीलाच देऊ, सात आईबापांच्या घोळक्याला नाही. करार अमुक तारखेच्या आत. नाहीतर फर्निचरचा गोदामवाला वाट बघतोच आहे.

म्हणून मामा रस्ता ओलांडून माझ्या खिडकीवर आले. घाई आणखी एका कारणाने होती, ते त्यांनी मलाच तेवढं सांगितलं. “बाई, बारीक काटा आता चिमट्यात धरवत नाही. हात थरथरतो. डॉक्टर म्हणतात, छातीचंही काही खरं नाही.” हे त्यांनी पाऊसपाण्याबद्दल बोलावं तसं सांगितलं.

पहिलं नाव आणलं ‘आधार’. मी म्हटलं, “आहे. गुडघ्याचे पट्टे बनवतात.” दुसऱ्या दिवशी ‘राष्ट्रीय विकास’ म्हणून काहीतरी लांबलचक. माझं डोकंच सटकलं. “सात मुलं, एक हॉल, आणि राष्ट्रीय? नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा. कुणी सुचवलं हे?” मामा ओशाळले. एका पालकाचे मेहुणे वकील होते, फुकटात काम करत होते, त्यांचं म्हणणं की नावाने वजन पडतं. मी म्हटलं, फुकटचा वकील महागात पडतो. पुढे हे माझं बोलणं खरं ठरलं, पण त्यात मीही वाटेकरी निघाले.

तिसऱ्या दिवशी मामा खिडकीवर कोपर टेकून उभे राहिले. “बाई, आम्ही सातजण जमलो की एकच बोलतो. आमच्यानंतर काय? दुसरा विषयच नसतो. तर ‘आमच्यानंतर’ हेच नाव ठेवलं तर?”

मी शोधलं. नव्हतं. प्रगती होत्या सत्तर, उत्कर्ष होते पन्नास, पण आमच्यानंतर हे नाव कुणाला सुचलेलं नव्हतं. मी खूश होऊन अर्जावर ते लिहिलं आणि हाताच्या सवयीने पुढचा शब्द जोडला. कागद त्यांच्याकडे फिरवला.

त्यांनी हळूहळू वाचलं. “आमच्यानंतर मर्यादित.” पुन्हा वाचलं. मग कागद तसाच ठेवून गेले. मला कळेना, माझं काय चुकलं.

दुसऱ्या दिवशी एक फुगलेली फाईल घेऊन आले. चिमणीचे कागद, दवाखान्यांचे, शाळांचे. बोट ठेवून वाचून दाखवायला लागले. “आकलन मर्यादित. हालचाल मर्यादित. हे सहाव्या वर्षीचं, प्रगतीची शक्यता मर्यादित. चौतीस वर्षं हा शब्द वाचतोय, बाई. आता आपल्या हाताने पाटीवर लिहू? आमच्यानंतर पोरांचं सगळं मर्यादित, असं?”

मागे रांग होती. रांगेतला एकजण घसा खाकरत होता, त्याला मी डोळे वटारले. मामांना आत बोलावून खुर्ची दिली. बावीस वर्षांत त्या खुर्चीवर बाहेरचं माणूस बसलं नव्हतं.

मी समजावलं. “तुमची हमीची कंपनी आहे, मामा. हिच्यात शेअर नाहीत, नफा कुणी घरी न्यायचा नाही. प्रत्येक सभासद फक्त लिहून देतो, कंपनी बंद पडली तर मी इतके देईन. ती रक्कमही चहाबिस्किटांइतकी. अशा भल्या कामाच्या कंपनीला मर्यादित शब्द गाळायची सूट मिळते. वेगळा अर्ज करायचा.”

“मिळेल?”

आणि मी म्हटलं, “मिळेल हो. न मिळायला काय झालं? तुम्ही पाटी रंगवायला घ्या.”

असं बोलायची मला काय गरज होती, देव जाणे. त्यांचं तोंड इतकं उजळलं की मला स्वतःचंच कौतुक वाटलं. उठता उठता त्यांनी विचारलं, “आणि आम्ही गेलो की ही हमी कुणाकडे जाते?”

“कुणाकडेच नाही. शेअर असते तर वारसांना मिळाले असते. इथे सभासद गेला की त्याचं नाव खोडायचं. जागा रिकामी.”

“म्हणजे सातही गेलो की?”

“नवे सभासद घ्यायचे.”

“ते कुठून आणायचे? तुम्ही व्हाल का, बाई?”

“मी सरकारी नोकर. मला चालत नाही,” मी म्हटलं. ते खरंच होतं. पण ते खरं होतं याचं मला हायसं वाटलं, हेही आता सांगून टाकते.

मामांनी पाटी स्वतः रंगवली. सकाळी हात जरा शांत असायचा, तेवढ्या वेळात रोज एखादं अक्षर. पत्र्यावर निळ्या रंगात ‘आमच्यानंतर’, छापल्यासारखं. रबरी शिक्काही त्याच नावाचा करून घेतला. मुलांनी ते नाव लगेच उचललं. चिमणीला कुणी विचारलं, कुठे गं निघालीस, की ती म्हणायची, “आमच्यानंतरला.” रविवारी म्हणायची, “आज आमच्यानंतर बंद.” मामा मला हे सांगून हसायचे आणि हसता हसता चष्मा पुसायचे.

पाच आठवड्यांनी आतल्या साहेबांनी मला बोलावलं आणि मामांच्या कंपनीचे कागद पुढे सरकवले. “हे कलम वाचा.”

वाचलं. ‘कंपनी बंद झाल्यास जे काही उरेल ते सातही मुलांना सारखं वाटून द्यावं.’

सूट हवी तर उरलेलं सभासदांना नाही आणि त्यांच्या घरच्यांनाही नाही, तर असंच काम करणाऱ्या दुसऱ्या संस्थेला द्यावं लागतं. कायद्याचं पहिलंच वाक्य ते. पण आईबाप एकत्र बसून आपल्यानंतरचं लिहायला लागले तर दुसरं काय लिहिणार? वकिलाने तरी बघायचं. आणि वकिलाला कशाला बोल लावू, तो कागद माझ्या हातून आत गेला होता. मी नाव तेवढं तपासलं. कलमं वाचणं खिडकीचं काम नाही म्हणून पान उलटलंसुद्धा नाही, आणि तोंडाने मात्र सांगून बसले, मिळेल हो.

सूट नाकारली गेली. दाखला निघाला ‘आमच्यानंतर मर्यादित’ या नावाने. कलम बदलायचं तर सभासदांची सभा, सभेची एकवीस दिवस आधी सूचना, मग नवा अर्ज. कराराच्या मुदतीतले दिवस उरले होते नऊ. त्यात मामांनी मोठ्या उत्साहाने करारावर सही करून, आमच्यानंतरचा शिक्का मारून तो पाठवूनही दिला होता. तो परत आला, वर चिठ्ठी: या नावाची कंपनी अस्तित्वात नाही. पाटी, शिक्का आणि दाखला, तिन्हीवर एकच नाव असल्याशिवाय करार होणार नाही. शेवटच्या दिवशी चार वाजता व्यवस्थापक स्वतः येऊन बघतील.

मी रस्ता ओलांडून जिन्याखाली गेले. मामा दिव्याखाली वाकून बसले होते. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं, नाहीतर सांगवलं नसतं. “चूक माझी आहे, मामा. मी म्हटलं होतं मिळेल.”

मला वाटलं, आता चार शब्द सुनावतील. सुनावले असते तर बरं झालं असतं. मामांनी डोळ्यावरचं भिंग काढलं. “कलम आम्हीच लिहिलं. सातजणांनी बसून. एक सुई उरली तरी ती पोरांना मिळावी, एवढंच डोक्यात. ते चुकीचं असेल असं कुणाला वाटलंच नाही. म्हणजे शब्द गिळायचा की जागा सोडायची, एवढंच ना?”

“एवढंच.”

“मग त्यात विचार कसला.”

नवा शिक्का दोन दिवसांत झाला. पाटीसाठी मी रंगारी पाठवते म्हटलं, पण मामा ऐकेनात. माझ्या हाताने सुरू झालंय, माझ्याच हाताने पुरं होईल, म्हणाले. आणि रोज उद्या उद्या करत राहिले. माणूस इतका नेकीचा, पण तो एक शब्द लिहायला त्यांचा हात उठेना.

शेवटच्या दिवशी मी अर्धी रजा टाकून हॉलवर गेले. पाटी खाली काढून बटणांच्या टेबलावर आडवी ठेवली होती. सातही मुलं भोवती उभी. त्यातल्या थोरल्याची आई, शिवणकाम करणाऱ्या मावशी, हातात चिंधी घेऊन बसल्या होत्या. मामांचा हात त्या दिवशी फारच थरथरत होता. ब्रश टेकवला की रंग भलतीकडे. चिमणी बराच वेळ बघत होती. मग तिने पुढे होऊन बापाचं मनगट दोन्ही हातांत धरलं, बटण टाचताना कार्ड धरते तसं, घट्ट.

अक्षरं उमटली. आमच्यानंतर एका ओळीत ताठ, आणि पुढे हा शब्द वाकडातिकडा. वाकडा चालेल म्हणा. पण मी वाचलं आणि माझ्यातली नकारबाई जागी झाली. रफार घसरून ‘दि’वर जाऊन बसला होता. मयार्दित.

“मामा,” मी म्हटलं, “रफार ‘या’वर.”

त्यांनी मान वर करून माझ्याकडे बघितलं. ती नजर मी विसरणार नाही. साडेतीन वाजले होते. नको असलेला शब्द एकदा लिहून झाला होता, आणि मी तो त्यांना पुसून पुन्हा लिहायला लावत होते. लाज वाटली मला माझी. पण त्या व्यवस्थापकासारखी माणसं मी ओळखते, मी स्वतःच तशी आहे. मावशींनी थिनरने पुसलं. चिमणीने पुन्हा मनगट धरलं. मामांनी पुन्हा लिहिलं, ओठ घट्ट मिटून.

लिहून झाल्यावर चिमणीने विचारलं, “बाबा, हे काय लिहिलं?”

“मर्यादित.”

“म्हणजे काय?”

मामा ब्रश पुसत राहिले. चौतीस वर्षांचा तो शब्द, तिला काय सांगणार? मग म्हणाले, “म्हणजे जागा आपली झाली.”

चार वाजता व्यवस्थापक आले. दाखला हातात घेऊन पाटीवरची अक्षरं एकेक करून जुळवली, रफारासकट. सही केली. दहा वर्षं. मामांनी पाटी भिंतीवर टांगली आणि तिच्याकडे पाठ करून चहा प्यायले.

त्यानंतर चार महिन्यांनी मामा गेले. दुपारी टेबलावरच, डोकं दिव्याशेजारी. समोर कुणाचंतरी घड्याळ उघडं होतं. चिमणीला मावशींनी घरी नेलं. मावशी एकाहत्तरच्या, घरी स्वतःचा सत्तेचाळीस वर्षांचा मुलगा, पण त्यांनी दुसऱ्या कुणाला विचारूसुद्धा दिलं नाही. दोन दिवस चिमणी दाराकडे तोंड करून बसली. तिसऱ्या दिवशी सकाळी वेणी घालून, डबा घेऊन उभी राहिली. “चला. आमच्यानंतरला जायचंय.” मावशींनी हे मला सांगितलं तेव्हा मी खिडकी बंद केली आणि आत जाऊन रडले. मामांसाठी रडले, आणि त्या खुर्चीत बसवून त्यांना दिलेल्या थापेसाठीही.

कंपनीचा कागद आमच्याकडे आला: सभासद सहा. मी मागे लागून सभा घ्यायला लावली, कलम बदलवलं, नवा अर्ज स्वतः तीनदा वाचला. मी निवृत्त झाले त्याच आठवड्यात सूट मंजूर झाली. ते पत्र घेऊन मी हॉलवर गेले. मावशींनी आनंदाने स्टूल आणलं, थिनर आणलं, चिंधी भिजवली.

चिमणी पाटीखाली वाट अडवून उभी राहिली. “पुसायचं नाही.”

“अगं, बाबांना तो शब्द नको होता,” मावशी म्हणाल्या. “मोठ्या मुश्किलीने लिहिला त्यांनी. आता गरज नाही त्याची.”

“बाबांनी लिहिलाय. मीपण लिहिलाय. मर्यादित म्हणजे जागा आपली झाली.” तिचा आवाज चढला. “पुसलं तर जागा जाईल.”

मावशींनी माझ्याकडे बघितलं. “तुम्ही सांगा, बाई.” हजारो लोकांना मी त्या शब्दाचा अर्थ सांगितला आहे. तिला सांगता आला नाही. मावशींनी चिंधी पिळली आणि स्टूल जागेवर नेऊन ठेवलं. मंजुरीचं पत्र त्यांच्या फाईलमध्ये तसंच आहे. कंपनीचं नाव अजून तेच आहे.

पर्समध्ये दुसराही एक कागद होता, सभासद होण्याचा अर्ज. तो मी बटणांच्या टेबलावर बसून भरला. ‘कंपनी बंद पडल्यास अमुक रक्कम देण्याची मी हमी देते.’ हमी देते हे शब्द मी पहिल्यांदाच माझ्या नावाखाली लिहिले. बाकीचे सहा सभासद सगळे साठीपलीकडचे. मी अठ्ठावन्न. सगळ्यांत तरुण मी, म्हणजे आता बोला. मी गेल्यावर माझंही नाव खोडतील, जागा रिकामी होईल, आणि नवं कोण येणार ते मला माहीत नाही. मामांनी तेव्हा हेच विचारलं होतं.

सही करून पेनाला टोपण लावलं तेव्हा चिमणी माझ्या खुर्चीपाशी आली. हातात बारा बटणांचं पुरं झालेलं कार्ड होतं, ते तिने माझ्यापुढे ठेवलं.

“बाई,” ती म्हणाली, “तुम्ही आमच्यानंतर येणार ना? रोज?”